उंबऱ्यावर बसू नये

(मावळ तालुक्यातील नवलाख उंबरे येथे ग्रामस्थांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्या गावाचे नाव मी लहानपणी प्रथम ऐकले, तेव्हा माझ्या बालबुद्धीने त्याचा एकच अर्थ लावला होता. नऊ लाख उंबरे असलेले गाव केवढे मोठे असेल, या विचाराने मी कितीतरी दिवस चकित होतो. नावाची खरी व्युत्पत्ती काय, हा इतिहासकारांचा आणि भाषाभ्यासकांचा प्रांत आहे. त्यात मी शिरत नाही. परंतु आज आपण मला ‘अध्यात्म आणि आपले आग्रह’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केलीत आणि तीही या गावात, तेव्हा विषय आणि गाव यांचा सांधा मला आपोआप सापडला. तो सांधा म्हणजे उंबरा.

आपल्या घरातील आजीने आपल्याला एक गोष्ट निश्चित सांगितलेली असते. उंबऱ्यावर बसू नये. उंबऱ्यावर उभे राहून कोणाला काही देऊ नये, कोणाकडून घेऊ नये. ‘का गं आजी?’ असे विचारले, तर ती नृसिंहाची गोष्ट सांगते. हिरण्यकशिपूचा वध उंबऱ्यावर झाला, म्हणून तिथे बसायचे नाही. आपण ती गोष्ट ऐकून मोठे झालो आणि उंबऱ्यावर बसणे सोडून दिले. पण मनाच्या उंबऱ्यावर मात्र आपल्यापैकी अनेकजण आयुष्यभर ठाण मांडून बसलेले असतात. आज त्याविषयी थोडे चिंतन करावयाचे आहे.

उंबरा हवाच

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. ठाम कल्पना सोडा, असे कोणी म्हटले की आपल्यासारख्या श्रद्धावंत माणसाच्या मनात लगेच शंका येते. हा गृहस्थ आता आपल्याला देवधर्म सोडा, रीतिरिवाज सोडा, असे सांगणार की काय? तसे मुळीच नाही. उंबरा काढून टाका, असे सांगायला मी आलेलो नाही. उंबरा घराची मर्यादा आहे. बाहेरचे पाणी तो आत येऊ देत नाही, सरपटणाऱ्या जीवाला अडवतो. माता-भगिनी त्याच्यापुढे रांगोळी काढतात, त्याला हळदकुंकू वाहतात. नवी सून माप ओलांडून आत येते, ती याच उंबऱ्यावरून. ज्या घराला उंबरा नाही, त्या घराला आत आणि बाहेर यांतला फरक राहत नाही. मनाचेही तसेच आहे. ज्याला कोणताच विचार स्थिर धरता येत नाही, त्याच्या मनात वाऱ्याबरोबर कचराही येतो.

पण उंबरा ही ओलांडण्याची जागा आहे. आत जाण्यासाठी ओलांडायची, बाहेर पडण्यासाठी ओलांडायची. त्यावर कोणी बसून राहिला, की तो स्वतः आत जात नाही आणि दुसऱ्यालाही जाऊ देत नाही. विचारांचे हेच होते. एखादी कल्पना आपल्याला एका टप्प्यापर्यंत आणून सोडते. तिच्या आधाराने पुढचे पाऊल टाकायचे, हे तिचे प्रयोजन. आपण मात्र तिलाच मुक्काम समजतो. जी कल्पना काल आपल्याला देवाच्या जवळ घेऊन आली, तीच आज आपल्याला देवापासून अडवीत असेल, ही शंकासुद्धा आपल्याला येत नाही.

हिरण्यकशिपूच्या कथेकडे या दृष्टीने पाहा. त्याने मागितलेला वर ही एक यादी होती. माणसाकडून मृत्यू नको, पशूकडून नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, घराबाहेर नको. विश्वातील सगळ्या शक्यता आपण मोजल्या आणि प्रत्येकीला कुलूप लावले, असे त्याला वाटत होते. त्याची बुद्धी कमी नव्हती. उलट एवढी काटेकोर यादी करायला तीक्ष्ण बुद्धी लागते. पण आपल्या यादीच्या बाहेर परमेश्वर असू शकतो, हे त्याला सुचले नाही. शेवटी देव आला तो माणूसही नव्हता आणि पशूही नव्हता. वेळ दिवसाची नव्हती आणि रात्रीची नव्हती. जागा आतली नव्हती आणि बाहेरची नव्हती. प्रल्हादाला मात्र देव कुठून येईल याची यादी करायची गरजच नव्हती. तो खांबातूनही येईल, एवढी त्याची तयारी होती. पिता आणि पुत्र यांच्यातील फरक ज्ञानाचा नव्हता, तयारीचा होता.

इंद्रायणीकाठचा विद्वान

पुराणातील कथा झाली. आता आपल्या अगदी शेजारी घडलेल्या घटनेकडे येऊ. इथून जवळच इंदोरीचा भंडारा डोंगर आहे. त्याच्या पलीकडे देहू. भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर ही तीन ठिकाणे तुकोबांच्या एकांताची. आपला हा मावळ आणि चाकणचा परिसर तुकोबांच्या पायांनी तुडवलेला आहे. सुदुंबऱ्याला संताजी जगनाडे यांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग ज्यांनी उतरवून घेतले, असे परंपरा सांगते, ते हे संताजी. त्यामुळे मी जे सांगणार आहे, ते आपल्याला नवीन नाही. फक्त एका वेगळ्या माणसाच्या बाजूने ते पाहू.

तो माणूस म्हणजे वाघोलीचे रामेश्वरभट्ट. आपल्या कीर्तनांत, नाटकांत आणि चित्रपटांत त्यांना आपण खलनायकाच्या जागी बसवले आहे. वस्तुतः ते वेदशास्त्रसंपन्न, आचारनिष्ठ असे विद्वान होते. त्यांची एक पक्की धारणा होती. वेदांचा अर्थ सांगण्याचा अधिकार ठरलेल्या माणसांचा आहे. देहूचा एक वाणी, तोही शूद्र कुळातला, प्राकृत भाषेत तो अर्थ सांगतो हा अधर्म आहे. ही धारणा त्यांनी दुष्टपणाने स्वीकारली नव्हती. त्यांचे गुरुजन, त्यांचे ग्रंथ, त्यांचा समाज या सर्वांनी त्यांना तेच शिकवले होते. आपण धर्माचे रक्षण करीत आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मित्रहो, अप्रामाणिक माणसाला त्याची चूक दाखवणे सोपे असते. प्रामाणिक माणसाच्या चुकीला मात्र त्याच्याच सद्वर्तनाची तटबंदी लाभलेली असते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. तुकोबांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा नदीकाठच्या शिळेवर तेरा दिवस निश्चक्रम बसून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी कथा परंपरेने जपली. महिपतीबोवांनी अठराव्या शतकात संतचरित्रे लिहिली, त्यांत रामेश्वरभट्टांची कथाही येते. अनगडशहा फकिराच्या शापाने त्यांच्या अंगाचा दाह सुरू झाला. तो शमेना, म्हणून ते आळंदीला ज्ञानोबांच्या समाधीपाशी जाऊन बसले. तिथे त्यांना दृष्टांत झाला, की तुकोबांना शरण जा. तुकोबांनी त्यांना एक अभंग पाठवला आणि दाह शांत झाला.

या कथेतील चमत्कार कोणी मानावा, कोणी न मानावा. मला त्यातील दाह महत्त्वाचा वाटतो. पूर्वजांनी किती नेमका शब्द निवडला आहे! आपली धारणा खोटी ठरते आहे हे मनाला कळू लागते, पण ती सोडवत नाही, त्या अवस्थेला दाहावाचून दुसरे नाव नाही. भगवान पतंजलींनी योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले आहेत. त्यांतला शेवटचा अभिनिवेश. त्याचा मुख्य अर्थ जीविताची आसक्ती, मृत्यूचे भय असा आहे. आणि पतंजली आवर्जून सांगतात की हा क्लेश विद्वानालाही सुटत नाही. मराठीत मात्र आपण अभिनिवेश हा शब्द मताच्या आग्रहासाठी वापरतो. मला हा योगायोग वाटत नाही. आपले मत सोडताना माणसाला मरणाचीच कळ येते, कारण ‘मी म्हणजे माझे मत’ असे त्याने धरलेले असते. मत गेले तर मी उरेन का, हे त्याचे खरे भय असते.

रामेश्वरभट्टांनी ते मरण पत्करले. ते तुकोबांकडे गेले. तुकोबांच्या ज्या चौदा टाळकऱ्यांची नामावळी परंपरेने सांगितली जाते, तीत रामेश्वरभट्टांचे नाव येते. त्याच नामावळीत जगनाडे तेली आहेत, माळी आहेत, कासार आहेत, वाणी आहेत, कुलकर्णी आहेत. ज्याला अर्थ सांगण्याचा अधिकार नाही म्हणून आकाश पाताळ एक केले, त्याच्या मागे हा विद्वान टाळ हाती घेऊन उभा राहिला. आज आपण देहूत, आळंदीत, घरोघरी भजनाच्या शेवटी तुकोबांची जी आरती म्हणतो, ती रामेश्वरभट्टांची रचना आहे. आपण तुकोबांच्या चरणी मस्तक ठेवले, याची कबुली त्यांनी त्या आरतीत स्वतःच्या नावानिशी दिली आहे. शतकानुशतके लक्षावधी वारकरी ती कबुली रोज गातात. आपल्या चुकीची एवढी मोठी कबुली आणि तीही ताल-सुरांत, दुसऱ्या कोणी दिली असेल असे मला वाटत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. रामेश्वरभट्टांनी विद्या टाकली नाही. आरती रचायला तीच विद्या उपयोगी पडली. त्यांनी टाकली ती फक्त ‘माझ्या विद्येच्या दारातूनच देव येतो’ ही समजूत. त्यांची विद्या त्या समजुतीखाली गुदमरली होती. समजूत गेल्यावर विद्येला मोकळा श्वास मिळाला.

तुकोबांनी काय बुडवले?

आता नदीच्या त्याच काठावर बसलेल्या दुसऱ्या माणसाकडे पाहू. आपण म्हणतो की सोडावे लागले ते रामेश्वरभट्टांना. तुकोबा तर सिद्धच होते. पण तुकोबांनी इंद्रायणीत दोनदा कागद बुडवले आहेत.

पहिल्यांदा १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळानंतर. त्या दुष्काळात त्यांची प्रथम पत्नी आणि मुलगा गेले. सावकारीची खतपत्रे घरात होती. धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या वाट्याची त्यांनी त्याला देऊन टाकली आणि स्वतःच्या वाट्याची नदीत सोडली. लोकांकडून जे येणे होते, ते बुडवले. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही, हेही पाहण्यासारखे आहे. आपला त्याग त्यांनी दुसऱ्यावर लादला नाही. दुसऱ्यांदा बुडवले ते अभंग. येणे सोडणे एका अर्थाने सोपे असते. ते पैशाचे असते. पण स्वतःची साधना, स्वतःचे शब्द, ज्यांत आपला विठ्ठल आपल्याला भेटला ते शब्द, ते सोडणे किती कठीण! तेरा दिवस ते शिळेवर बसले, त्या काळात त्यांच्या मनात काय झाले असेल याची कल्पना करणे आपल्या आवाक्यातले नाही. एवढे मात्र दिसते, की विरोधकाला अहंकार सोडावा लागला आणि संताला कवित्व. नदी दोघांसाठी एकच होती. आध्यात्मिक प्रगतीच्या वाटेवर ‘मी आता पुरेसे सोडले’ असे म्हणण्याची सवलत कोणालाच नाही.

पायरी आणि महाद्वार

ज्याचा विठ्ठल तुकोबांना भेटला, त्या पंढरपुराकडे आता वळू. तुकोबांच्याही तीनशे वर्षे आधीची गोष्ट. नामदेवांची विठ्ठलावरील भक्ती एवढी उत्कट, की देव आपल्याशी बोलतो, जेवतो, याविषयी त्यांना तिळमात्र संशय नव्हता. तरीही संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने परीक्षा घेतली आणि हे मडके कच्चे आहे असा निर्णय दिला, अशी कथा आहे. नामदेव रुसले. मग ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. पाहतात तो म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजलेला! नामदेव संतापले. विसोबा शांतपणे म्हणाले, की जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय जिकडे ठेवतील तिकडे पिंडी.

नामदेवांचा देव खोटा नव्हता. त्यांनी त्याला जी चौकट घातली होती, ती अपुरी होती. ती चौकट मोडली म्हणून त्यांनी पंढरी सोडली का? नाही. उलट ते पंजाबापर्यंत नामाचा गजर घेऊन गेले. घुमानमध्ये आजही त्यांचे स्थान आहे आणि गुरुग्रंथसाहिबात त्यांची पदे समाविष्ट आहेत. आणि शेवटी त्यांनी जागा मागितली ती विठ्ठलाच्या महाद्वारातील पायरीची. संतांचे पाय आपल्यावरून जावेत म्हणून. उंबऱ्यावर बसणारा वाट अडवतो. नामदेव स्वतःच पायरी झाले. त्यांच्यावरून सगळे आत जातात.

पण त्याच पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून १३३८ साली चोखोबांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीत आणल्या. ज्याच्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते अशी ज्याची ख्याती, त्याची समाधी महाद्वाराच्या बाहेर. संतांनी चोखोबांना मिठीत घेतले, समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा ते दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या आपल्या बांधवांना उघडले. १३३८ ते १९४७. सहाशे नऊ वर्षे! रोज काकडारती करणारे, एकादशी न मोडणारे, सत्शील लोक त्या सहाशे वर्षांत त्या दारात येऊन गेले आणि समाधीला वळसा घालून आत गेले. त्यांची भक्ती खोटी होती, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण एका घट्ट समजुतीने ती भक्ती उंबऱ्यापाशीच थांबली, हे मान्य करावे लागेल. समाजाच्या आध्यात्मिक उंचीचा विचार करताना आपण शिखराकडे पाहतो. मला वाटते, उंबऱ्याकडेही पाहावे.

माझी गोष्ट

आतापर्यंत मी इतरांच्या गोष्टी सांगितल्या. इतरांचे आग्रह सांगणे फार सुखाचे असते. आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय वर बोललेले सगळे पोकळ ठरेल.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. घरातील, नात्यातील धार्मिक कृत्यांच्या वेळी लोक मला विचारीत. माझे मामा वारले. मामी आधीच गेल्या होत्या. मामांना मुलगा नव्हता, एकच मुलगी. तिने अकरा वर्षे मामांचे अंथरुणातील दुखणे काढले. त्यांना भरवले, कूस बदलली, रात्री जागवल्या. स्मशानात निघायच्या वेळी ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘दादा, बाबांना अग्नी मी देऊ का?’

मी क्षणभरही विचार केला नाही. म्हणालो, ‘शास्त्रात बसत नाही.’

ती मागे सरली. वाद घातला नाही. अग्नी मी दिला. दहाव्याला, तेराव्याला आलेल्या सगळ्यांना तिने वाढले, चहा दिला. मी मात्र धर्माचे पालन केल्याच्या समाधानात होतो.

दोन-अडीच वर्षांनी एका व्याख्यानाच्या तयारीसाठी मी निर्णयसिंधू चाळत होतो. कमलाकरभट्टांचा हा ग्रंथ १६१२ मध्ये काशीत पूर्ण झाला. म्हणजे देहूत तुकोबा लहान होते, त्या काळातला. और्ध्वदेहिकाचे अधिकारी कोण, हा विषय त्यात आहे. पुत्र, पौत्र नसतील तर पुढे कोण याचा क्रम दिला आहे. त्यात पत्नी आहे. त्यात कन्या आहे. भाच्याचे नाव तिच्या कितीतरी नंतर येते.

मी ग्रंथ मिटला आणि बराच वेळ बसून राहिलो. ज्या शास्त्राचे नाव घेऊन मी तिला मागे सारले, त्या शास्त्राने तिला माझ्या पुढे उभे केले होते. मी शास्त्राला धरून नव्हतोच. मी माझ्या ऐकीव समजुतीला धरून होतो आणि तिच्यावर शास्त्राची शाल पांघरली होती. ग्रंथ माझ्या कपाटातच होता. उघडून पाहण्याची गरज मला वाटली नव्हती, कारण मला ‘माहीत’ होते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. जे वाचले ते सांगितले. क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘दादा, मला तेव्हा ग्रंथ नको होता रे. तू एकदा थांबून माझ्याकडे पाहायला हवं होतंस.’

मित्रहो, त्या एका वाक्याने मला निर्णयसिंधूहून अधिक शिकवले. ग्रंथात कन्येचे नाव नसते, तर माझे वागणे बरोबर ठरले असते का? अकरा वर्षांच्या सेवेपुढे क्षणभर थांबावे, एवढे माणूसपण माझ्यात उरले नव्हते. माझ्या धारणेने माझे डोळेच झाकले होते. आता मामांच्या तिथीला तर्पण ती करते आणि मी शेजारी बसून मंत्र सांगतो. पण त्या दिवसाचा अग्नी तिला परत देता येत नाही. काही उंबरे वेळेवर ओलांडले नाहीत, तर ते पुन्हा समोर येत नाहीत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्याचे शिक्षण दिले आणि अनेक घरांत त्या श्रद्धेने संस्कार करू लागल्या. त्यांच्याकडे पाहिले की मला वाटते, जे या भगिनींना सहज उमगले, त्यासाठी मला एवढी किंमत का मोजावी लागली? आणि किंमत मी नाही, माझ्या बहिणीने मोजली.

तीन कसोट्या

मग प्रश्न येतो, की कोणता विचार धरावा आणि कोणता सोडावा, हे ओळखायचे कसे? सगळेच सोडले तर हाती काय राहील? या प्रश्नाशी झगडताना तीन कसोट्या माझ्या उपयोगी पडल्या. त्या आपल्यापुढे ठेवतो.

पहिली कसोटी उगमाची. माझी ही धारणा कोठून आली? मी वाचले आहे, अनुभवले आहे, की नुसते ऐकले आहे? ‘आपल्यात असे करीत नाहीत’ या वाक्यातील ‘आपल्यात’ म्हणजे नेमके कोण, आणि केव्हापासून? आपल्या परंपरेला या प्रश्नाचे भय नाही. उपनिषदे तर प्रश्नोत्तरांतूनच उभी राहिली आहेत. प्रश्नाचे भय असते ते आपल्या आळसाला.

दुसरी कसोटी ओझ्याची. माझ्या या धारणेचे ओझे कोण वाहते? मी एकादशी करतो, तेव्हा उपाशी मी राहतो. ते व्रत झाले. पण माझ्या नियमामुळे दुसरा कोणी दाराबाहेर उभा राहत असेल, कोणाची मान खाली जात असेल, तर ते व्रत माझे आणि त्याचा क्लेश दुसऱ्याचा, असा हिशेब होतो. अशा नियमाकडे शंभरदा पाहावे.

तिसरी कसोटी पूर्वपक्षाची. आपल्या आचार्यांची रीत पाहा. ते प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडतात, आणि असे मांडतात की प्रतिपक्षालाही ते मान्य व्हावे. नंतर आपला सिद्धान्त. ज्याच्याशी माझे पटत नाही, त्याचे म्हणणे मी त्याचे समाधान होईल असे सांगू शकतो का? सांगता येत नसेल, तर माझ्याजवळ सिद्धान्त नाही, नुसता हट्ट आहे.

या कसोट्या जुन्या मतांना लावायच्या, तशाच नव्यांनाही. सगळे जुने ते टाकाऊ, देवापुढे हात जोडणारा तो भाबडा, असे ज्याने एकदा ठरवून टाकले आहे, तोही उंबऱ्यावरच बसला आहे. एकाचे तोंड आत आहे, दुसऱ्याचे बाहेर, एवढाच काय तो फरक. आणि जे आपण सामाजिक काम करतो, त्यांनी तर या कसोट्या स्वतःला वरचेवर लावाव्यात. वीस वर्षे एक पद्धत चालवली, की ती पद्धत म्हणजेच कार्य, असे कार्यकर्त्याला वाटू लागते. तरुण मुलगा काही वेगळे सुचवतो आणि आपण म्हणतो, ‘आमच्या वेळी असे नव्हते.’ त्या मुलाचा उत्साह आपल्या उंबऱ्यापाशी अडखळतो आणि परत फिरतो. तो पुन्हा येत नाही. आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना रस नाही.

आपल्या दारात

मंडळी, आपले गाव गेल्या काही वर्षांत किती बदलले, हे मी सांगायला नको. जिथे शेते होती, तिथे तळेगाव औद्योगिक वसाहतीतील कारखाने उभे राहिले. दूरच्या प्रांतांतून आलेली माणसे आपल्या शेजारी खोल्या घेऊन राहतात. त्यांची भाषा वेगळी, जेवण वेगळे, देवाला हाक मारण्याची तऱ्हा वेगळी. त्यांच्याविषयी आपल्या मनात काही ठाम कल्पना तयार झाल्या असतील. त्यांच्याही मनात आपल्याविषयी असतील. अध्यात्म हे भंडारा डोंगरावर जाऊन डोळे मिटण्यापुरते असते, तर तुकोबा डोंगरावरून खाली उतरले नसते. आपल्या अध्यात्माची परीक्षा या शेजारच्या खोलीच्या दारातच होणार आहे. कामावरून परतणाऱ्या त्या मुलाला आपण एकदा थांबून पाहतो का?

माझी आपल्याला एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपली एक, फक्त एकच ठाम समजूत मनाशी घ्या. ज्या समजुतीमुळे घरातले कोणी, शेजारचे कोणी आपल्याशी मोकळे बोलत नाही, अशी. तिला त्या तीन कसोट्या लावा. ती टिकली तर अधिक श्रद्धेने धरा. तेव्हा ती खरोखर आपली होईल. टिकली नाही तर सोडा आणि ज्याला तिचा त्रास झाला, त्याला जाऊन तसे सांगा. हे दुसरे अधिक कठीण आहे, हे मी अनुभवाने सांगतो. पण वेळ लावू नका. मी लावला होता.

तिन्हीसांज होत आली आहे. घरोघरी आता उंबऱ्यापाशी दिवा लागेल. त्या दिव्याच्या उजेडात कोण आपल्या दारात उभे आहे, तेवढे पाहावे आणि त्याला ‘या’ म्हणावे.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!